वीज घ्यावी कुणाकडून?

सरकारी नोकरीत आमची हयात गेली. त्या काळी वीज मंडळाची आणि दरही मंडळ सांगेल तो, एवढेच आम्हांस ठाऊक. 2003 च्या विद्युत कायद्याने ही समजूत मोडली. एक मेगावॉटहून अधिक मागणी असलेल्या कारखान्यांस हव्या त्या उत्पादकाकडून वीज घेण्याची वाट टप्प्याटप्प्याने मोकळी झाली. 2008 पासून वीज बाजारातही विकली जाऊ लागली. आमचा भाचा पीथमपूरला कारखाना चालवतो. उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 भाग आणि आदल्या दिवशी ठरणारा प्रत्येकाचा भाव त्याने दाखविला, तेव्हा आम्हांस इंदूरच्या सराफ्यातले सौदे आठवले.

परंतु बाजारातला भाव म्हणजे पदरात पडणारा भाव नव्हे. त्यावर तारांचे भाडे, वाटेतली गळती आणि क्रॉस-सबसिडी अधिभार चढतो. या अधिभाराचा भाच्यास राग येतो. आम्हांस त्यामागचा हिशेब दिसतो. शेतकऱ्याचा पंप आणि गरिबाचा दिवा स्वस्तात चालतो, तो काही अंशी मोठ्या ग्राहकाच्या चढ्या बिलावर. तोच निघून गेला, तर ओझे कुणी उचलावे? 2022 च्या नियमांनी हरित विजेसाठी मर्यादा 100 किलोवॉटवर आणली. म्हणजे आता लहान कारखानेही निघू शकतात.

एकत्र कुटुंबातून वेगळे निघणे गैर नव्हे. मात्र मागे राहणाऱ्यांच्या खर्चाचा वाटा आधी ठरावा, इतकेच आमचे म्हणणे.