अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट

उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचं काम, असं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. ती डोळ्यांसमोर घडताना दिसेल असं डार्विनलाही वाटलं नव्हतं. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जोडप्याने मात्र ती चक्क मोजली. जोनाथन वायनर यांच्या ‘द बीक ऑफ द फिंच’ या पुस्तकात मी ती हकीकत वाचली आणि कितीतरी दिवस ती डोक्यातून जाईना.

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटरवर गॅलापागोस बेटं आहेत. त्यांतलं डॅफ्ने मेजर म्हणजे ज्वालामुखीचा उघडाबोडका माथा. तिथे उतरायला धक्का नाही, होडीतून थेट खडकावर पाय टाकायचा. प्यायचं पाणीसुद्धा बरोबर न्यायचं. १९७३ पासून जवळजवळ चाळीस वर्षं ग्रँट तिथे जात राहिले, आपल्या दोन लहान मुलींनाही घेऊन गेले. फिंच नावाचे चिमणीएवढे पक्षी पकडायचे, पायात रंगीत कडी घालायची, चोच मोजायची आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम.

१९७७ साली पाऊस पडला नाही. बारीक बिया संपल्या, उरले ते टणक सराटे. आपल्याकडे शेतात पायात मोडतात आणि सायकल पंक्चर करतात, त्यांचेच हे भाऊबंद. जाड चोचीच्या पक्ष्यांना ते फोडता आले, बाकीचे बहुतेक उपाशी मेले. वाचलेल्यांची चोच आधीच्या सरासरीपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड होती. तो जाडपणा त्यांच्या पिल्लांतही उतरला.

इथेच थांबले असते तर ‘चोची जाड होत चालल्यात’ असा सुटसुटीत निष्कर्ष निघाला असता. पण १९८३ मध्ये एल निनोचा धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं रान माजलं आणि पुढच्या दुष्काळात लहान चोचीचे पक्षी सरस ठरले!

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तीन महिन्यांच्या आकड्यांवर आलेख काढून ‘ट्रेंड’ सांगायची आम्हाला सवय. त्या आलेखात कोण गळालं, कोण टिकलं, हे कुणी विचारत नाही. ग्रँट यांना ते सांगता आलं, कारण त्यांच्याकडे प्रत्येक पक्ष्याची वेगळी नोंद होती आणि दुष्काळ संपल्यावरही ते मोजत राहिले. हल्ली असा आलेख समोर आला की मी आधी विचारतो, ‘हे किती वर्षांचं आहे?’