रोशनाबादच्या मैदानावर

हरिद्वार म्हटले की लोकांना गंगा, घाट आणि पंडे आठवतात. आम्हांला ओढ होती ती शहराबाहेरच्या रोशनाबादची. जिल्ह्याची कलेक्टर कचेरी तिथे आहे आणि शेजारीच सिडकुलची कारखान्यांची वसाहत. सकाळच्या पाळीला निघालेले कामगार पाहून आपल्याच एखाद्या वस्तीत आल्यासारखे वाटले. याच गावात १९९२ साली एका दलित घरात वंदना कटारिया जन्मली. वडील नाहरसिंह भेलच्या कारखान्यात कामाला होते.

मैदानावर मुलींचा सराव चालू होता. लहानग्या एका कोपऱ्यात चेंडू काठीला चिकटवून पळवायला शिकत होत्या. मोठ्या मुली पूर्ण मैदानावर खेळत होत्या. आठवी ओलांडलेल्या दोघी-तिघी नुकत्याच त्यांच्यात आलेल्या दिसल्या. त्या लगेच ओळखू येत होत्या. चेंडू आला की त्या आधी समोरच्या मुलीकडे बघत आणि मग चेंडूकडे. तेवढ्यात चेंडू निघून जाई.

यात त्या पोरींचा दोष नाही. हॉकीचे मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते. चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, दगडासारखा टणक. शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट पडतात. चौदा पूर्ण झाली की मुलगी सतराच्या गटात जाते. मग समोर दोन वर्षांनी मोठी, अंगाने थोराड मुलगी उभी राहते. कालपर्यंत आपल्या गटात पहिली असणारी आज सर्वांत मागे पडते. मातीवर शिकलेली असेल तर ॲस्ट्रोटर्फवर चेंडूचा वेग पाहूनच गांगरते. एका नव्या मुलीचा चेंडू तीनदा सुटला. तिच्याहून मोठ्या मुलीने तो चौथ्यांदा तिच्याकडेच ढकलला. त्या वेळी तो अडला! आम्हांला टाळी वाजवल्यावाचून राहवले नाही.

पण याच वयात कितीतरी मुलींची काठी कायमची कोपऱ्यात पडते. पाळी सुरू झालेली असते, अभ्यास वाढलेला असतो, धाकट्या भावंडांना सांभाळायचे असते. बूट आणि काठीचा खर्च बापाच्या पगारात बसत नाही. त्यात शेजारीपाजारी विचारतात, घोड्याएवढी मुलगी अर्ध्या चड्डीत कशाला फिरवता?

वंदनाच्या वडिलांनाही लोकांचे बोलणे ऐकावे लागले. आधी खो-खो खेळणारी ही मुलगी हॉकीकडे वळली आणि त्यांनी तिला लखनौच्या क्रीडा वसतिगृहात धाडले. २०२१ च्या मे महिन्यात ते वारले, तेव्हा ती टोकियो ऑलिंपिकच्या सराव शिबिरात होती. अंत्यदर्शनालाही येऊ शकली नाही. ३१ जुलै २०२१ रोजी तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारी ती पहिली भारतीय महिला. ४ ऑगस्टला उपान्त्य सामन्यात भारत अर्जेंटिनाकडून हरला. त्यानंतर याच रोशनाबादेत काहींनी तिच्या घरासमोर फटाके फोडले आणि घरच्यांना जातीवरून शिव्या दिल्या. ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवावा लागला. वंदनाने दोनच दिवसांनी ब्रिटनविरुद्ध गोल करून उत्तर दिले. तो सामना भारताने ३-४ असा गमावला, पण तिची मान खाली गेली नाही. २०२२ साली तिला पद्मश्री मिळाली.

त्या संघाची कप्तान राणी रामपाल हरियाणातील शहाबाद मारकंडाची, घोडागाडी हाकणाऱ्या बापाची लेक. सरावाला अर्धा लिटर दूध आणायची अट होती. घरी जेमतेम २०० मिलिलिटर मिळे, त्यात पाणी घालून ती नेत असे, हे तिनेच सांगितले आहे. प्रशिक्षक बलदेवसिंग यांच्या हाताखाली ती तयार झाली आणि २०१० च्या विश्वचषकात पंधराव्या वर्षी खेळली.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की समाजाची प्रगती आपण त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. ते माप आपल्या घरालाही लावून पाहावे. मुलगी आठवीतून नववीत जाताना खेळ सोडते म्हणाली, तर तिला आधी कारण विचारा. शाळेतल्या खेळाच्या सरांना भेटा. जन्माचा दाखला तयार ठेवा, कारण वयाचा गट त्यावरच ठरतो. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची चौकशी करा. काठी तिच्या उंचीची घ्या, थोरलीची लांब काठी तिच्या माथी मारू नका. नडगीचे पॅड मात्र चुकवू नका. पहिले सहा महिने ती मागे पडेल, रडेल, चेंडू सोडील. तेवढे दिवस आईबापांनी तिच्या पाठीशी उभे राहायचे आहे. शेजाऱ्यांना उत्तर ती स्वतःच देईल.