अ‍ॅशबोर्नची तुळई

डर्बीहून बसने अ‍ॅशबोर्नला आलं की सेंट जॉन स्ट्रीट लगेच गाठता येतो. जुनी विटांची घरं, जिंजरब्रेडचं दुकान. डव्हडेलच्या दरीकडे निघालेली मंडळी इथे चहापुरती टेकतात. मी मात्र रस्त्यावर आडव्या गेलेल्या लाकडी तुळईखाली बराच वेळ उभा होतो. ‘ग्रीन मॅन अँड ब्लॅक्स हेड’ या जुन्या सराईची ही पाटी. तिच्या माथ्यावर मधोमध काळ्या माणसाचं कोरीव मुंडकं होतं. ओठ लालभडक, एका बाजूने हसरं, दुसऱ्या बाजूने दुःखी. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्याखालून जायचा.

७ जून २०२० रोजी ब्रिस्टलमध्ये गुलामांचा व्यापारी कोल्स्टन याचा पुतळा लोकांनी बंदरात लोटला. दुसऱ्याच दिवशी इथल्या कौन्सिलने मुंडकं काढायचं ठरवलं. त्याला धक्का लागू नये म्हणून गावातल्याच काहींनी त्या संध्याकाळी ते स्वतः उतरवलं. हा आमचा इतिहास आहे, तो पुसू नका, असं एका बाजूचं म्हणणं. हा आमचा अपमान आहे, असं दुसऱ्या बाजूचं.

इतिहासच हवा असेल, तर चर्च स्ट्रीटवर चला. शब्दकोशकार सॅम्युअल जॉन्सन इथे आपला मित्र डॉ. टेलर याच्याकडे उतरायचा. सप्टेंबर १७७७मध्ये त्याचा मित्र आणि चरित्रकार बॉसवेलही सोबत होता. जमैकातून स्कॉटलंडला आणलेला जोसेफ नाइट तेव्हा मालकाविरुद्ध स्वातंत्र्यासाठी कोर्टात लढत होता. त्याच्या बाजूचा युक्तिवाद जॉन्सनने याच गावात बॉसवेलला तोंडी सांगून लिहून घ्यायला लावला. कोणीही माणूस जन्मतः दुसऱ्याची मालमत्ता नसतो, हा त्याचा गाभा. बॉसवेलला तो पटला नव्हता, तरी त्याने तो प्रामाणिकपणे छापला. जानेवारी १७७८मध्ये नाइट जिंकला. जमैकाचा गुलामीचा कायदा स्कॉटलंडमध्ये चालणार नाही, असं कोर्टाने ठरवलं. पुढे जॉन्सनने आपली बरीचशी मालमत्ता फ्रान्सिस बार्बर या जमैकात गुलाम म्हणून जन्मलेल्या आपल्या नोकराच्या नावे केली.

१७७७च्या त्या मुक्कामाहून निघताना बॉसवेलने ग्रीन मॅनमधून घोडागाडी घेतली. म्हणजे सराई आणि तो युक्तिवाद एकाच गावाचा वारसा आहेत. मुंडक्यापाशी मात्र नाइटचं नाव कुणाला कळत नव्हतं, बार्बरचंही नाही. ते नुसतं लटकत राहून काळ्या माणसाची टिंगल करत होतं. ते संग्रहालयात, माहितीसह ठेवावं. आणि अ‍ॅशबोर्नकरांनी आपल्या पाहुण्यांना आधी जोसेफ नाइटची गोष्ट सांगावी.