भोसरीची कपाटे

पुणेकर हौसेने कोकणात जातो, महाबळेश्वरला जातो; भोसरीला जातो तो पोटासाठी. त्यामुळे 'उद्या भोसरी पाहायला जाणार' असे मी जाहीर केले तेव्हा घरच्या मंडळींनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिले.

जाणे मात्र आता सोपे झाले आहे. शिवाजीनगरला मेट्रोत बसावे, बोपोडी सोडल्यावर खाली मुळेचे पात्र दिसते ते पाहावे आणि नाशिक फाट्याला उतरून रिक्षा करावी. भोज राजाचे भोजापूर तेच हे भोसरी, असे गावकरी अभिमानाने सांगतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झाले आणि पुढे इथल्या शेतांचे प्लॉट पडले. आता गल्ल्यांना नावे नाहीत, ब्लॉकची अक्षरे आहेत. पत्ता विचारला की 'जे ब्लॉक का एस ब्लॉक?' असा उलट प्रश्न येतो.

मी गेलो तो एका पॅनेलच्या कारखान्यात. पॅनेल म्हणजे पत्र्याचे पुरुषभर उंचीचे राखी कपाट. दार उघडले की आत शेकडो तारा, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला नंबराची इवलीशी नळी. तिला इथे फेरूल म्हणतात. पिठाच्या गिरणीपासून साखर कारखान्यापर्यंत मोठ्या मोटारी चालू-बंद होतात त्या या कपाटाच्या हुकमाने. आणि कपाट चालते ते नकाशाच्या, म्हणजे ड्रॉइंगच्या हुकमाने.

हा नकाशा काढणे खेळ नव्हे. मोठी मोटार थेट लाइनवर घातली तर सुरू होताना ती नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. म्हणून तिला आधी 'स्टार'मध्ये चालू करतात, म्हणजे लाइनवर एक तृतीयांशच भार येतो. वेग आला की 'डेल्टा'त टाकतात. दोन्हींचे कॉन्टॅक्टर एकदम मिटले तर तिन्ही फेज एकमेकांना भिडतात आणि स्फोटासारखा आवाज होतो. म्हणून एकाच्या वाटेत दुसऱ्याचा अडसर घालतात. जावाजावांनी ठरवून एकीने स्वयंपाकघरात यायचे तेव्हा दुसरीने बाहेर पडायचे, तसे!

कारखान्यात एक काका आहेत. चाळीस वर्षे त्यांनी हेच केले. ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगचे पेन, चुकले तर ब्लेडने शाई खरवडायची, आणि प्रिंट काढताना अमोनियाचा तो डोळ्यांत पाणी आणणारा वास. मग संगणक आला. अमेरिकेत 1982 साली ऑटोकॅड निघाले, पण त्याच्या लेखी तार म्हणजे नुसती रेघ. 1984 साली जर्मनीत ईप्लॅन मंडळींनी सुरुवात केली ती खास विजेच्या नकाशांसाठी. अशा प्रणालीत कॉइलला आपले कॉन्टॅक्ट कोणत्या पानावर आहेत ते ठाऊक असते. तारांचे नंबर आपोआप पडतात, सामानाची यादीही निघते.

आता त्याच्याही पुढची पायरी आली आहे. लातूरची एक तरुण इंजिनिअर मुलगी तिथे बसते. तिने मला मोटारींचा तक्ता दाखवला: नाव, किलोवॉट, सुरू करण्याची पद्धत. बेचाळीस ओळी. तिने बटन दाबले आणि मला दिलेला चहा निवायच्या आत नकाशाची पाने तयार! पूर्वी याला काकांना पंधरा दिवस लागत. फेरूलचे नंबर लिहायला ठेवलेल्या पोरांच्या टेबलावर आता कुंडी आहे. मालकांनी ती दाखवली नाही, मीच पाहिली.

काका मात्र लाल पेन्सिल घेऊन छापलेली पाने चाळत होते. अकराव्या पानावर थांबले.

"अगं, ही पंधरा किलोवॉटची मोटार. ओव्हरलोड रिले कितीवर लावला आहेस?"

"अठ्ठावीस अँपिअर, काका. मोटारीचा पूर्ण प्रवाह तेवढाच आहे."

"आणि रिले बसवला आहेस कुठे? डेल्टाच्या आत. तिथे प्रवाह किती वाहणार?"

मुलगी क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "अठ्ठावन्न टक्के. म्हणजे सोळा."

"मग मोटार जळून जाईल आणि तुझा रिले आपला शांत बसेल!"

साच्यातच चूक होती, त्यामुळे अशा अकराही मोटारींत ती उतरली होती. ती पाने दुरुस्त करायला बसली, तर काकांनी हात धरल्यासारखे थांबवले. "पाने नको सुधारू. साचा सुधार." तिने सुधारला, पुन्हा बटन दाबले, आणि अकराच्या अकरा आकडे बदलले. काका चष्मा वर करून पाहत राहिले. "हे मात्र माझ्या हातून झाले नसते," असे म्हणाले. सूर कौतुकाचा होता की आणखी कशाचा, सांगणे कठीण.

पुढल्या वर्षी ते निवृत्त होणार आहेत. त्यांच्या जागी माणूस घ्यायचा की नाही, हे मालकांनी ठरवलेले नाही. मुलगी म्हणाली, "मी रोज त्यांना एक प्रश्न विचारून लिहून ठेवते. वही अर्धी भरली आहे."

निघताना बाहेर एका तयार पॅनेलची चाचणी चालली होती. हिरवे बटन दाबले, आत 'खट्' झाले. सहा सेकंद गेले, पुन्हा 'खट्', आणि मोटारीचा सूर बदलला. वायरमनने दाराच्या आतल्या खिशात नकाशाची प्रत सरकवली आणि ट्रकवाल्याला हाक मारली.