दोन शून्यांची बेरीज

एप्रिल 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पूर्णवेळ पदव्या करायची मुभा दिली. तासांच्या वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन्ही वर्गात बसून, नाहीतर एक वर्गात आणि दुसरी मुक्त किंवा ऑनलाइन पद्धतीने. अंमलबजावणी कशी करायची ते विद्यापीठांनी आपापल्या पातळीवर ठरवायचं. ही बातमी बहुतेकांनी वाचून सोडून दिली. मानवतच्या माझ्या मामेबहिणीने कात्रण जपून ठेवलं आणि पुढच्या वर्षी बारावी होताच जाहीर केलं: परभणीच्या कॉलेजातून अर्थशास्त्र, मुक्त विद्यापीठातून पत्रकारिता.

मामा म्हणाले, "एकात पैसा नाही, दुसऱ्यात नोकरी नाही. दोन शून्यांची बेरीज किती होते, हे तरी शिकवतात का तिथं?"

घरात शिकलेला म्हणून निवाडा माझ्याकडे आला. (इंजिनिअर झालं की लग्नापासून बोअरवेलपर्यंत सगळ्यावर मत द्यावं लागतं.) मी तिच्या बाजूने कौल दिला, त्याचं कारण मामांचंच सोयाबीन.

2021 मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं. त्या हंगामाचा हमीभाव होता 3,950. साहजिकच पेरा वाढला. ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवं पीक खळ्यावर येईपर्यंत भाव मोडला. आमच्याकडे बातमी वाचायला मिळाली ती एवढीच, की आवक वाढल्याने दर घसरले. ती खोटी नव्हती. दसरा-दिवाळीत आवक दरवर्षीच वाढते. पण क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं साधारण अठरा किलो, बाकी बहुतेक पेंड. ती पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे मामांच्या पोत्याचा भाव कोंबडीखाद्याच्या खर्चाशी बांधलेला होता आणि पोल्ट्रीवाल्यांची मागणी दिल्लीपर्यंत पोचली होती. डिसेंबरात सेबीने सोयाबीनचे वायदेही बंद केले. संध्याकाळी बाजार समितीतून दर घेऊन घाईने बातमी पाठवणाऱ्या वार्ताहराला हे कोणी शिकवलेलं नसतं.

उलट बाजूही तशीच. अर्थशास्त्राचा माणूस आलेख बरोबर काढील. पण ओलाव्यापोटी कपात होणार हे माहीत असूनही शेतकरी ओला माल का घालतो, ते त्याला आलेखात दिसणार नाही. त्यासाठी अडत्याच्या दुकानासमोर तासभर उभं राहावं लागतं. हरभऱ्याचं बियाणं आणायचं असतं, उचल फेडायची असते, माल वाळवायला वेळ आणि जागा दोन्ही नसतात.

पहिल्याच सत्रात बहिणीने फोनवर सांगितलेली गोष्ट मी अजून विसरलो नाही. "दादा, अर्थशास्त्रात प्रत्येक नियमाच्या आधी लिहितात, इतर परिस्थिती कायम राहिल्यास. आणि पत्रकारितेत शिकवतात, की बातमी त्या इतर परिस्थितीतच असते."

ही जोडी तिने शोधलेली नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतलेले डॉ. आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते, तेव्हाच 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. घेऊन आले. पाठोपाठ 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत'. त्याआधी 1918 मध्ये त्यांनी लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला होता. जमिनीचे तुकडे हा रोग नसून लक्षण आहे, शेतीवर जास्तीची माणसं अवलंबून आहेत आणि त्यांना उद्योगात काम हवं, असा त्याचा रोख. आमच्या गावात दोन-तीन एकरांच्या सातबाऱ्यावर पाच नावं असतात, तिथे हा निबंध शंभर वर्षांनीही जुना वाटत नाही. आपण त्यांना घटनाकार म्हणून इतकं पुजतो, की अर्थशास्त्रज्ञ आणि संपादक ही दोन माणसं मागेच राहतात.

आता मामांच्या प्रश्नाची दुसरी बाजू. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 19 तारखेपासून उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आमची पहिली वेचणी बाजारात यायची तेवढाच काळ. मानवतची ओळखच कापसाच्या बाजारपेठेची. बहीण तिसऱ्या वर्षाला होती. तिने तीन शेतकऱ्यांशी बोलून लेख लिहिला: शुल्क म्हणजे काय, गिरण्यांना ते का नको असतं, लांब धाग्याचा हमीभाव 8,110 असताना खुल्या बाजारात काय होईल. एका स्थानिक दैनिकाने तो छापला. शुल्काचा भाग काढला होता, आकडे काढले होते. एका म्हातारीचं रडणं ठेवलं होतं आणि वर मथळा, 'शेतकरी हवालदिल'. मानधनाचं विचारलं, तर दिवाळी अंकासाठी जाहिराती आणून देशील का, असं उत्तर आलं.

मी पुण्यात बसून संतापलो. ती संतापली नाही, निदान फोनवर तरी. म्हणाली, "म्हातारीचं रडणं खरंच होतं, दादा. पण ती का रडते, हे तिलाही वाचायचं होतं."

त्या हंगामात कापूस महामंडळाला हमीभावाने माल द्यायचा, तर मोबाइलवरच्या 'कपास किसान' ॲपवर आधी नोंदणी करणं भाग होतं. गल्लीतल्या लोकांची नोंदणी तिनेच करून दिली. सातबारा, आधार, पीकपेरा, ओटीपी. प्रत्येकाचं काम झालं, की एका वहीत चार गोष्टी लिहून घ्यायची: किती एकर, किती क्विंटल होईल, कधी विकणार, अडत्याची उचल किती. नावं लिहीत नव्हती, नुसते क्रमांक. त्यातून काय लिहायचं आणि कुठे छापायचं, हे तिने अजून ठरवलेलं नाही. एम.ए.साठी पुण्याला यायचं की तिथेच राहायचं, हेही नाही.

एका रात्री मामांनी ती वही चाळली. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "माझी उचल यात लिहू नकोस."

ती आधीच लिहिलेली होती. सातव्या क्रमांकावर.