चोवीस चेंडूंचा हिशेब

१ एप्रिल २०२४. वानखेडेवर मुंबई विरुद्ध राजस्थान. दुपारी धुळ्याहून मामेभावाचा फोन आला. "दादा, बॉलर कोनले लेऊ?"

मी जळगावला घरून काम करत होतो. दुसऱ्या स्क्रीनवर माझी शीट उघडीच होती. मी म्हटलं, बोल्ट घे, आणि कॅप्टनही त्यालाच कर.

फॅन्टसी क्रिकेटमध्ये कॅप्टनचे पॉइंट दुप्पट होतात, म्हणून लोक सहसा बॅट्समन किंवा ऑलराउंडर निवडतात. माझं म्हणणं वेगळं होतं. बॉलरची सरासरी बघू नये, त्याचे चोवीस चेंडू बघावेत. ते कोणत्या ओव्हरमध्ये पडणार, समोर कोण असणार, चेंडू नवा असेल की दवाने ओला. बोल्ट पहिली ओव्हर टाकतो आणि नवा चेंडू हलवतो. राजस्थानची बॉलिंग आधी आली तर दवाचीही भीती कमी.

बॉलिंग आधी आली. बोल्टने पहिल्याच ओव्हरमध्ये रोहित शर्मा आणि नमन धीरला काढलं, मग ब्रेव्हिसला. तिघेही आपापल्या पहिल्या चेंडूवर शून्यावर बाद. २२ धावांत ३ विकेट. भावाला पैसे मिळाले.

मी बरोबर ठरलो, तेच महागात पडलं. संदीप शर्माने आयपीएलमध्ये कोहलीला सात वेळा बाद केलंय. ऐकायला हा नियम वाटतो, पण ते सात बळी कितीतरी हंगामांत मिळून आहेत. आज रात्री दोघं समोरासमोर येतील ते जेमतेम पाच-सहा चेंडू. एवढ्यात काहीही होऊ शकतं. ही ओळ माझ्या शीटमध्ये होती, फोनवर मात्र मी ती कधी सांगितली नाही. मी फक्त नाव सांगायचो.

मे संपता संपता कळलं, मामांनी कपाशीच्या बियाण्यासाठी ठेवलेले पैसे गेले होते. मी निम्मे पाठवले. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा झाला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. शीट मी त्याआधीच पुसली होती.

मागे पारोळ्यामार्गे धुळ्याला गेलो, तेव्हा ओट्यावर बसल्या बसल्या मामांनी विचारलं, "यंदा पाऊस कसा राहील रे? तुझ्या कॉम्प्युटरमध्ये दिसतं का?"

"नाही दिसत, मामा," मी म्हटलं. भाऊ मोबाइलमध्ये बघत होता. त्याने मान वर केली नाही.