खालचा बर्थ

ताई व्हिएन्नात शिकते. 2025 च्या दिवाळीच्या सुट्टीत बाबा आणि मी तिच्याकडे गेलो, आणि तिथून 'नाइटजेट'ने एका रात्रीत व्हेनिस! नाइटजेट म्हणजे ऑस्ट्रियन रेल्वेची स्लीपर गाडी. 2016 मध्ये जर्मन रेल्वेने आपल्या स्लीपर बंद केल्या, त्यातले काही मार्ग यांनी घेतले.

कूपेत सहा बर्थ, तीन इकडे, तीन तिकडे. चादर-उशी त्यांचीच. वर दाराला आतून लॉक. तरी बाबांनी सवयीने बॅगेला साखळी लावली. "बाबा, प्लीज!" मी पुटपुटले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. आम्ही बरोबर आहोत हे कुणाला कळायला नको! (कॉन्व्हेंटमध्ये आम्ही काय काय शिकतो, ते सोडा.)

एका आजोबांना शिडी चढवेना. "या, या, इथे झोपा," चक्क मराठीत म्हणत बाबांनी आपला खालचा बर्थ त्यांना दिला. ते जर्मनमध्ये बोलत राहिले, बाबा "हो हो" करत राहिले. मी झोपेचं सोंग घेतलं.

सकाळी ब्रेड, जॅम, कॉफी आली. आजोबांनी आपला एक ब्रेड बाबांना दिला आणि मला विचारलं, "युवर फादर?"

गाडी तेव्हा व्हेनिसच्या खाडीवरच्या 1846 सालच्या पुलावर होती. दोन्हीकडे पाणीच पाणी.

"येस," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच.